खासबाग : बघणाऱ्यांसाठी बांधलेले मैदान

खासबागेचा इतिहास लिहायला घेतला की हात आधी किताबांच्या यादीकडे जातो. कोणत्या साली कोणाची जोड लागली, कोणी कोणाला कोणत्या डावावर चितपट केले, गदा कोणाच्या खांद्यावर गेली. ती यादी हवीच. तिच्याशिवाय कुस्तीचा इतिहास पुरा होत नाही. पण मला या मैदानाचा आणखी एक इतिहास तेवढाच मोलाचा वाटतो. तो हौद्यातल्या दोघांचा नाही, त्यांच्याभोवती बसलेल्या हजारोंचा आहे. त्या गर्दीत बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेले एखादे पोर असते. ते एक कुस्ती बघते, रात्रभर तिच्याबद्दल बोलत राहते आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच गल्लीतल्या तालमीच्या दाराशी जाऊन उभे राहते. पुढे ते नामांकित पैलवान होते किंवा होत नाही. बहुतेक वेळा होत नाहीच. जोर-बैठका मात्र त्याच्या अंगातून साठीपर्यंत जात नाहीत. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत अशी माणसे प्रत्येक पिढीत निपजली, आणि ती निपजवण्यात या मैदानाचा वाटा फार मोठा आहे. म्हणून मी खासबागेला नुसते मैदान म्हणत नाही, संस्था म्हणतो.

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. अंगाने धिप्पाड, मल्लविद्येचा स्वतः सराव केलेला, शिकारीचा आणि जनावरांचा नाद असलेला हा राजा. कुस्ती त्यांना गादीवर लोडाला टेकून बघायची करमणूक म्हणून आवडत नव्हती. त्यांना डाव कळत होता, पकड कळत होती, आणि चांगला मल्ल घडायला किती वर्षे आणि किती दूध-तूप लागते याचाही हिशेब माहीत होता. त्यांनी पंजाबातले आणि उत्तरेतले गाजलेले मल्ल कोल्हापुरात आणले, त्यांच्या राहण्याची आणि खुराकाची सोय केली, आणि इथल्या पोरांना त्यांच्याशी भिडू दिले. दख्खनच्या मल्लाने उत्तरेच्या मल्लाचे नुसते नाव ऐकून दबून जाऊ नये, त्याला समोरासमोर बघावे आणि त्याच्या अंगाला अंग लावावे, हा त्यामागचा विचार होता असे मला वाटते.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पडक्या दगडी वर्तुळात फिरताना दुसऱ्या कोणा संस्थानिकाला इतिहास आठवला असता. महाराजांना कुस्तीचे मैदान दिसले. परत आल्यावर काही वर्षांतच, १९०७ च्या सुमाराला, खासबागेत काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान खुले झाले.

त्याची रचना ज्याने शांतपणे एकदा बघितली आहे त्याला बांधणाऱ्याचा हेतू सांगावा लागत नाही. मधोमध मातीचा हौदा. भोवती मोकळा गोल. त्याच्या पलीकडे चारी बाजूंनी वर चढत गेलेली बैठक. मधे खांब नाही, छत नाही, नजरेच्या आड येईल असे काही नाही. पंचवीस हजारांहून अधिक माणूस बसते, आणि अगदी वरच्या कडेला, पाठ भिंतीला लावून बसलेल्यालाही हौद्यात कोणाचा हात कोणाच्या मानेवर आहे ते दिसते. त्याआधी कुस्ती बघायची म्हणजे गर्दीत टाचा उंचावून, पुढच्याच्या खांद्यावरून, नाहीतर झाडावर चढून. हौद्याला लागून बसायला मिळायचे ते मानकऱ्यांना आणि सरदारांना. खासबागेत वरच्या कडेच्या हमालालाही तेच दिसू लागले जे पुढच्या ओळीतल्या जहागीरदाराला दिसत होते. वसतिगृहे काढणाऱ्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाच्या कामांत हे मैदान सहसा धरले जात नाही. मला ते त्याच कामांच्या ओळीत बसवावेसे वाटते.

उद्घाटनाची मोठी लढत इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली. इमाम बक्ष म्हणजे थोरल्या गामाचा धाकटा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, हे दोघे भाऊ लंडनला जाऊन आले होते. तिथे गामाची झिबिस्कोशी लढत झाली होती आणि इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला काही मिनिटांत खाली घातले होते. विलायतेत नाव कमावून आलेला हा मल्ल करवीरच्या लाल मातीत उतरला, आणि पन्हाळ्याकडून, कागलकडून, भुदरगडकडून पायी नाहीतर बैलगाडीने आलेल्या शेतकऱ्याने त्याला आपल्या डोळ्यांनी बघितला. आज खेळाडूचे चित्र भिंतीवर लावता येते, त्याची लढत हातातल्या पडद्यावर शंभरदा बघता येते. त्या काळी आदर्श म्हणजे ऐकीव गोष्ट असे. खासबागेने तो आदर्श हाडामांसाचा करून समोर उभा केला. त्याची मान केवढी आहे, तो श्वास कसा घेतो, खाली गेला की कसा सावरतो, हे सगळे बघायला मिळाले. मराठा राजाच्या मैदानाची सुरुवात दोन मुसलमान मल्लांच्या कुस्तीने झाली याचे कोल्हापूरकराला कधी नवल वाटले नाही. तालमीत मारुतीच्या तसबिरीपुढे मुसलमानाचे पोरही कपाळाला माती लावूनच हौद्यात उतरत आले आहे.

तीन वर्षांनी, १९१५ मध्ये, मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर उभे राहिले. त्यालाच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. एका बाजूला नाट्यपद, दुसऱ्या बाजूला हलगी, असे हे शेजार शंभर वर्षांहून जास्त टिकले.

मैदान वर्षातून मोजक्या वेळा भरते. तालीम रोज भरते. खासबागेचा इतिहास तालमींना वगळून लिहिणे म्हणजे फळाचे वर्णन करून झाडाचे नाव न घेणे. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार... पेठेपेठेत तालीम. तालीम म्हणजे व्यायामाची जागा तर खरीच, पण ती पेठेचे घरही असते. गणपती तिथला, भांडणे तिथे मिटणार, मयताला खांदा द्यायला पोरे तिथूनच निघणार. आणि कोल्हापूरचा फुटबॉलही तिथलाच. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितले की खरे वाटत नाही, पण शाहू स्टेडियमवर जे नावाजलेले संघ खेळतात त्यांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशीच आहेत. जोर मारून कमावलेला दम चेंडूमागे धावायला उपयोगी पडतो हे या शहराला कोणी शिकवावे लागले नाही.

तालमीतली पहाट ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. पोरे चारच्या सुमाराला उठतात. पहिले काम हौदा उकरायचे. फावड्याने माती खालची वर, वरची खाली करायची. रात्रभर दबलेली माती मोकळी व्हायला हवी, नाहीतर पडणाऱ्याचे खांदे निखळतात. हे काम व्यायामात धरले जात नाही, पण ज्याने ते वर्षभर केले त्याची कंबर आणि मनगटे बघावीत. माती साधी नसते. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, काव, कापूर घालून ती मुरवतात. अंगाला लागली तर खरचटत नाही, खरचटले तर चिघळत नाही, आणि उन्हाळ्यातही ती गार लागते. मग जोर. हातापायांवर अंग तोलून, छाती जमिनीला घासल्यासारखी खाली नेऊन पुन्हा वर काढायची. मग बैठका. मग सपाट्या, म्हणजे जोर आणि बैठक एकमेकांत गुंफून केलेली, दम काढणारी मालिका. दोरावर चढणे, करेला फिरवणे, मानेसाठी वेगळी मेहनत. त्यानंतर लढत. वस्ताद कठड्यावर बसून फारसे बोलत नाहीत. एखादा शब्द टाकतात: पाय मागे, मान वर, घाई नको. सगळे उरकले की मातीने अंग चोळून घ्यायचे, घाम जिरवायचा, अंघोळ, थंडाई, दूध, तूप, भाकरी, झोप. संध्याकाळी पुन्हा तेच.

यात चमकदार काही नाही, आणि मला वाटते या शिक्षणाची खरी ताकद त्यातच आहे. दर दिवशी तेच करायचे असल्यामुळे व्यायाम उत्साहावर अवलंबून राहत नाही. ज्या दिवशी मन नसते त्या दिवशीही हौदा उकरावाच लागतो, कारण बाकीची पोरे उभी असतात. मग हळूहळू अंगालाच त्याची ओढ लागते. ज्यांनी वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी हे सुरू केले त्यांना पुढे व्यायाम कर म्हणून सांगावे लागत नाही. एक दिवस चुकला तर त्यांना अन्न गोड लागत नाही.

या मातीतून वर आलेले पहिले जागतिक नाव खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १५ जानेवारी १९२६ चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, मग कोल्हापुरात राजाराम कॉलेज. अंगकाठी लहान. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा हे शरीर बघून आधी नकार मिळाला. ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि त्यांच्यापेक्षा अंगाने मोठ्या मल्लांना लोळवले. खाशाबांची गोष्ट सांगताना पदकावर फार बोलले जाते. त्यांच्या कुस्तीवर त्या मानाने कमी. वजनाने हलका मल्ल जिंकायचा असेल तर त्याला डाव समोरच्याच्या आधी सुचला पाहिजे. खाशाबांचा ढाक असा होता की प्रतिस्पर्ध्याला मान अडकल्याचे कळेपर्यंत तो हवेत असे. त्यासाठी लागणारी चपळाई त्यांनी सपाट्या मारून आणि पोहून कमावली होती. आजही बारक्या अंगाच्या पोराला तालमीत सोडताना घरचे लोक खाशाबांचे नाव घेतात, आणि ते बरोबर आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले. गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती, आंतरराष्ट्रीय नियम नवे होते, तरी फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ ला निवडीत डावलले गेले तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत ठेवली गेली आणि ती त्यांनी जिंकली. मग प्रश्न पैशांचा. गावोगाव वर्गणी निघाली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीला बँटमवेट गटात २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक जिंकले. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ लढत झाल्यावर विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढावे लागले. हरकत घ्यायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. सुवर्ण इशीला, रौप्य मम्मदबेयोवला. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले.

परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी जे केले ते मला पदकाइतकेच मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्या पैशातून प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, तिथेही खेळाचे आणि प्रशिक्षणाचे काम केले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या मशालयात्रेत ते धावले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास. सरकारदरबारी त्यांची आठवण उशिरा झाली ही खंत आहेच. पण तालमीत त्यांचा फोटो त्याआधी कित्येक वर्षे लागलेला होता.

स्वातंत्र्यानंतर संस्थानांचा आश्रय संपला. राजाच्या खजिन्यातून येणारा खुराक थांबला. कुस्ती इथेच संपायची, पण लोकांनी ती उचलली. गावोगावच्या जत्रांनी इनामे ठेवली, साखर कारखान्यांनी मल्ल दत्तक घेतले, तिकीट काढून खासबाग भरू लागली. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. त्याच सुमाराला कोल्हापूरच्या तालमींनी जे मल्ल दिले त्यांच्या नावांवर एक अख्खी पिढी वाढली. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ चे पहिले हिंदकेसरी. पंजाबच्या बंता सिंगला हरवून त्यांनी तो मान मिळवला. पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ चे. यातले कोणीच कोल्हापूर शहरातले नव्हते हे लक्षात घ्यावे. एक बेळगाव जिल्ह्यातला, दोन सांगलीकडचे. तालमीने त्यांना आपले केले, आणि मैदानाने त्यांना सगळ्यांचे केले.

१९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले. मानेंनी नेमके उलटे, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. मातीतला मल्ल मॅटवर टिकत नाही असे आजही काही जाणकार ठासून सांगतात. त्यांनी हे निकाल पुन्हा एकदा वाचावेत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही आंदळकर उतरले, त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण आंदळकरांच्या आयुष्याचा मोठा भाग यानंतरचा आहे, आणि या लेखात मला सगळ्यात जास्त रेंगाळावेसे वाटते ते इथेच. कुस्ती सोडल्यावर त्यांनी तालीम सोडली नाही. मोतीबागेत ते वस्ताद म्हणून बसले ते कित्येक दशके. हिंदकेसरी झालेल्या माणसाला पुढाऱ्यांच्या व्यासपीठावर खुर्ची मिळत होती. त्यांनी हौद्याच्या कठड्यावरची जागा धरली. पहाटेचा नेम म्हातारपणीही मोडला नाही. पोरांना डाव शिकवणे हा वस्तादाच्या कामाचा छोटा भाग असतो. कोणाच्या घरून दुधाचे पैसे आलेले नाहीत, कोण रात्री चोरून सिनेमाला जातो, कोणाचा गुडघा दुखतोय आणि तो लपवतोय, कोणाला आता पुढे कुस्ती जमणार नाही हे सांगून गावी शेतीला लावायचे, हे सगळे त्याला बघावे लागते. आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ ला गेले तेव्हा त्यांना शेवटचा नमस्कार करायला किताबवाले मल्ल आले तसे मोडलेल्या कानांचे, नावही न ऐकलेले शेकडो म्हातारे आले. मातीत घासून घासून मोडलेला कान ही तालमीची निशाणी. ती आयुष्यभर पुसली जात नाही.

त्यांच्या हाताखाली घडलेले दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी, १९७३ चे रुस्तुम-ए-हिंद, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्यविजेते. त्यांनीही पुढे मोतीबागेतच पोरे घडवली. मुलगा विनोद २००० चा महाराष्ट्र केसरी. २०१८ चा ध्यानचंद पुरस्कार दादूंना मिळाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. गंगावेश तालमीतले हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णविजेते. १९७७ मध्ये बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले ती कुस्ती अजूनही सांगितली जाते. बिराजदारमामा मग पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. तिथे बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याकडे आला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राहुलने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले तेव्हा मामा हयात नव्हते. मराठवाड्यातला मल्ल गंगावेशीत शिकला, त्याने ते पुण्यात नेले, आणि मराठवाड्यातल्याच दुसऱ्या पोराच्या हाती ते दिले. खासबागेच्या तिकिटबारीवर याची कुठेच नोंद नाही.

आता त्या न गाजलेल्या लोकांविषयी, ज्यांच्यासाठी मी हे लिहायला घेतले. खासबागेच्या मैदानात शेवटची जोड लागते ती दिवस कलताना, पण दुपारपासून लहान मुलांच्या कुस्त्या सुरू असतात. गावच्या जत्रेत हीच पोरे रेवड्यांवर, नारळावर लढतात. त्यांच्यातले बहुतेक वीस-बाविशीत कुस्ती सोडतात. लग्न होते, शेती असते, नोकरी लागते, गुडघा जातो. तालमीचा इतिहास त्यांना विसरतो. पण कोल्हापुरात सकाळी साडेपाचला रंकाळ्याच्या कडेने चालून बघा, किंवा कुठल्याही तालमीच्या मागच्या दाराने आत डोकावा. दूध घालून आलेला, एसटीतून निवृत्त झालेला, शाळेत शिकवणारा, किराणा दुकान चालवणारा, असे पन्नाशी-साठीचे लोक तिथे जोर मारताना दिसतात. आकडा कमी झालेला असतो, पण ढब तीच. यांच्या अंगात दिखाऊपणा नसतो. आरशासमोर ते उभे राहत नाहीत, तालमीत आरसा सहसा नसतोच. त्यांना कोणी मल्ल म्हणत नाही. पण त्यांच्यातल्या कोणाला विचारा की तुम्ही पहिली मोठी कुस्ती कोणाची बघितली. ते एका दमात साल सांगतील, जोड सांगतील, डाव सांगतील, आणि आपण बैठकीच्या कोणत्या बाजूला बसलो होतो तेही सांगतील.

सगळ्यांचे असे होत नाही, आणि स्मरणिकेत गोडच लिहायचे असा दंडक मी मानत नाही. कुस्ती सुटल्यावर मेहनत सुटते आणि खुराक तसाच राहतो, अशा मल्लांची शरीरे चाळिशीत सुटतात. पुढे रक्तदाब, साखर, गुडघे. तरुणपणी एवढे कमावून हे व्हावे याचे फार वाईट वाटते. चांगले वस्ताद कुस्ती सोडणाऱ्या पोराला आधी हेच सांगतात की दूध निम्मे कर आणि जोर चालू ठेव. दुसरे दुखणे अलीकडचे. लवकर अंग दिसावे म्हणून डब्यातल्या पावडरी, आणि त्याहून वाईट म्हणजे सुया. दहा वर्षांत मातीतून जे मिळते ते सहा महिन्यांत मागणाऱ्याला तालमीने दारातच थांबवले पाहिजे. तिसरे, खुराकाचा खर्च. बदाम आणि तूप आज शेतमजुराच्या पोराला परवडत नाही. शाहू महाराजांच्या काळी ही काळजी दरबार करत होता. आज ती कारखाने, बँका आणि दानशूर लोक अधूनमधून करतात, आणि अधूनमधून केलेल्या खुराकावर मल्ल घडत नाही.

माती की मॅट या वादात मला फार वेळ घालवायचा नाही. ऑलिंपिकला जायचे तर मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, गुणांवर लढावे लागते. त्यासाठी मॅट हवीच, आणि प्रत्येक मोठ्या तालमीत हवी. पण निकाली कुस्तीचा धीर, घड्याळाकडे न बघता दम धरून राहण्याची सवय, मातीत लागते. खाशाबा आणि आंदळकर दोघांनीही दोन्ही केले. आपल्याला त्याहून वेगळे काही शोधायची गरज नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. त्या आगीने मैदानाची बाजूही होरपळली. शहर रस्त्यावर आले, लोक ढसाढसा रडले. त्याच्या आठवडाभर आधी, १ ऑगस्टला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले होते. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी. दोन्ही पदके याच परिसरातली, एक लाल मातीतून आणि दुसरे बंदुकीच्या नळीतून. एकाच आठवड्यात कोल्हापूरला एवढा आनंद आणि एवढे दुःख क्वचितच बघावे लागले असेल.

दुरुस्तीचे काम होईल, होत आहे. पण मैदान पुन्हा उभे करताना ते कोणासाठी बांधायचे याचा विचार नव्याने व्हायला हवा. शाहू महाराजांनी वरच्या कडेच्या माणसाला दिसावे म्हणून खांब टाळले. आपल्या काळात ज्यांना हौदा जवळून दिसत नाही त्या मुली आहेत. तालमीच्या दारातून त्यांना पिढ्यान्‌पिढ्या परत पाठवले गेले. तरीही वडणग्याची रेश्मा माने उभी राहिली, मुरगूडच्या संकुलात मुली राहून सराव करू लागल्या, आणि २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली ती प्रतीक्षा बागडी. म्हणून माझी सूचना अशी : खासबागेच्या प्रत्येक मोठ्या मैदानात महिलांची एक निकाली जोड शेवटच्या कुस्तीच्या लगेच आधी ठेवावी, दुपारच्या गर्दीत नव्हे. पुढच्या ओळींचा एक भाग मुलींच्या शाळांसाठी विनातिकीट राखून ठेवावा. आणि शहरात, मैदानापासून चालत जाता येईल अशा जागी, मुलींची निवासी तालीम काढावी. तिथे स्वतः लढलेल्या स्त्रियाच वस्ताद असाव्यात, आणि तिथल्या पोरींच्या खुराकाचा खर्च मैदानाच्या तिकिटाच्या उत्पन्नातून दर महिन्याला, न चुकता जावा.